सरांची विहीर

सरांना आवाज सहन व्हायचा नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत बसून आवाजावर चिडायचं म्हणजे गुऱ्हाळावर बसून माश्यांवर चिडण्यासारखं. शेजारी औषधांचा कारखाना, त्याचा कॉम्प्रेसर. पलीकडे पत्रा कापणारं युनिट. समोर सोलापूर हायवे. सर कापडी बूट घालायचे, कारण चामड्याचे करकरतात. पेन टेबलावर ठेवायचे नाहीत, कागदावर ठेवायचे. कुणी मोबाइल घेऊन शेडमध्ये शिरला तर रागवायचे नाहीत, नुसता हात पुढे करून उभे राहायचे. मोबाइल त्या हातात पडेपर्यंत तसेच उभे.

वाढले होते दौंडच्या रेल्वे कॉलनीत. वडील मालगाडीवर गार्ड. खिडकीखाली यार्ड आणि दिवसरात्र डबे जोडल्याचे दणके. दौंडच्या यार्डाशेजारी वाढलेल्या माणसाला आवाजाचं एवढं वावडं कसं, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "म्हणूनच." आणि पुन्हा ड्रॉइंगवर वाकले.

मी त्या कंपनीत डिझाइन विभागात होते. माहेर शिरूर, सासर दौंड, नोकरी कुरकुंभ. एरवी आमचं काम साखर कारखान्यांच्या टाक्या आणि केमिकलवाल्यांच्या पाइपलाइनी. सर आले ते एक वेगळंच काम घेऊन. दक्षिणेत एका डोंगराच्या पोटात लांब बोगदा खणायचा, त्याच्या टोकाला प्रचंड मोठी गुहा करायची आणि त्या गुहेत लोखंडाच्या जाड पत्र्यांचे थरावर थर रचायचे. दोन थरांमधल्या फटीत काचेच्या चपट्या पेट्या सरकवायच्या आणि त्या पेट्यांतून एक खास गॅस खेळवायचा. न्यूट्रिनो नावाचे कण आभाळातून सतत येत असतात आणि आपल्यातून, जमिनीतून, अख्ख्या पृथ्वीतून आरपार निघून जातात. कशालाच अडत नाहीत. क्वचित एखादा लोखंडातल्या अणूला धडकतो. तेव्हा त्यातून जो कण उडतो, त्याची बारीकशी खूण काचेच्या पेटीत उमटते. ती टिपायची. पण आभाळातून दुसऱ्याही कणांचा पाऊस पडत असतो, आणि उघड्यावर त्याच्या गोंगाटात ही खूण हरवून जाते. म्हणून वरती डोंगराचं छप्पर. तो पाऊस डोंगर अडवतो, न्यूट्रिनोला डोंगराचं काही वाटत नाही.

हे सगळं लोखंड उभं कसं राहील, वाकणार कसं नाही, पेटी आत सरकवताना काच तडकणार कशी नाही, हे सरांचं काम होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्यात घातली होती. लग्न केलं नव्हतं. दौंडला बहिणीच्या घरी, वरच्या खोलीत राहायचे.

"वरती डोंगर पाहिजे," हे त्यांचं वाक्य. ते फक्त गुहेपुरतं नव्हतं. मीटिंगमध्ये चारजण एकदम बोलायला लागले की सर हळूच म्हणायचे, वरती डोंगर पाहिजे. ऑफिसात सासूबाईंचा तिसरा फोन आला म्हणून मी शेडबाहेर पळाले, तेव्हा परत आल्यावर म्हणाले, "अहो इंजिनियर, तुमच्यावर डोंगर नाही." मला ते कायम इंजिनियरच म्हणायचे. आमच्या कंपनीत मला या नावानं हाक मारणारे ते एकटेच. बाकीच्यांची मी मॅडम.

खऱ्या यंत्राचा एक छोटा नमुना आमच्याकडे उभा करायचा होता. छोटा म्हणजे तरी दोन माणसं उंच. शेडमधली क्रेन बुटकी होती, वरून पत्रे सोडायला जागा पुरेना. तेव्हा सरांनी शेडच्या मधोमध खड्डा खणायला लावला, त्याला काँक्रीटच्या भिंती केल्या, उतरायला लोखंडी शिडी बसवली आणि नमुना त्या खड्ड्यात रचला. खाली गारवा एकसारखा राहायचा, काचेच्या पेट्यांनाही ते मानवायचं. कामगार त्याला सरांची विहीर म्हणायला लागले. सरांना ते नाव आवडलं. पुढे ड्रॉइंगवरसुद्धा त्यांनी तेच लिहिलं.

त्या विहिरीतला मुख्य फिटर संपत. तळेगाव ढमढेऱ्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा. घरी शेवंती-झेंडूचं शेत, म्हातारे वडील, बायको मंदा. शेती वडील आणि मंदा बघायचे, हा आठवडाभर कुरकुंभला खोली करून राहायचा. अंगानं दांडगा, तोंडानं मिश्कील. सरांची चेष्टा त्यांच्या तोंडावर करायची हिंमत त्याच्यातच होती. सकाळी आला की विचारायचा, "सर, पाव्हणा आला का?" पाव्हणा म्हणजे न्यूट्रिनो. सर गंभीरपणे सांगायचे की तो इथं सापडायचा नाही, इथं फक्त वरचा पाऊस मोजून पेट्या नीट चालतात का ते बघायचं, पाव्हणा डोंगराखालीच दिसेल. मग संपत म्हणायचा, "म्हंजी मांडव हितं आन् वऱ्हाड तिकडं." सर हसायचे. आवाज न करता, खांदे हलवून. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलंय.

सरांचा त्याच्यावर जीव होता. पत्रा बसवताना बाकीचे घाईनं हातोडा उचलायचे, संपत आधी तळहात फिरवायचा. सर म्हणायचे, या माणसाला मी डोंगरात नेणार आहे. संपतनं ते घरी सांगितलं होतं. दक्षिणेत जायचं म्हणून मंदानं त्याच्यासाठी नवी बॅग घेऊन ठेवली होती.

विहिरीच्या तळाशी हवेतला प्राणवायू मोजणारं एक उपकरण होतं आणि शिडीच्या तोंडाशी त्याचा भोंगा. पेट्यांतला गॅस हवेपेक्षा जड. गळाला तर तळाशी साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. तसा तो विषारी नव्हता, पण तो जिथं साचतो तिथं श्वास घ्यायला हवाच उरत नाही. म्हणून भोंगा. तो सरांनीच बसवून घेतला होता, स्वतःच्या आग्रहानं.

त्या पावसाळ्यानंतर पेट्यांमध्ये खोट्या खुणा दिसायला लागल्या. काही नसताना काहीतरी आल्याचं दिसायचं. सर अस्वस्थ झाले. त्यांनी शेजारच्या कारखान्यात जाऊन कॉम्प्रेसर काही वेळ थांबवायची विनंती केली, शेडमधले दिवे एकेक करून बंद करून पाहिले, माझ्या बांगड्या काढायला लावल्या. बरेच दिवस त्यांचं जेवण म्हणजे उभ्या उभ्या खाल्लेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. अखेर सापडलं. ते उपकरण ठरावीक वेळानं हवा तपासायचं, आणि दर वेळी त्याच्या वायरीतून एक हलकासा धक्का पेट्यांपर्यंत पोचायचा. सरांना इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी दौंडहून सगळ्या शेडसाठी पेढे आणले.

वेगळी, जाळीचं आवरण असलेली वायर मागवली. ती यायला वेळ होता. दिवाळीची सुट्टी तोंडावर होती आणि सुट्टीत सगळी वसाहत बंद. सरांना हवी होती तशी शांतता वर्षातून तेवढीच मिळायची. त्यांनी ठरवलं की या सुट्टीत यंत्र सलग चालवायचं. इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि उपकरणाची वायर काढायला सांगितलं. फक्त एवढ्या वेळेपुरती. शिडीची नेहमीची साखळी लावली, खाली उतरू नये अशी पाटी अडकवली. शेजारचे कारखाने बंद झाले होते. मी तिथंच उभी होते. सर मला म्हणाले, "आता ऐका." खरंच काही ऐकू येत नव्हतं.

सुट्टी संपल्यावर सकाळी संपत सगळ्यांच्या आधी आला. प्लास्टिकचं एक आवरण निसटून खाली पडलं होतं, ते उचलायला उतरला असावा. वॉचमननं त्याला साखळी ओलांडताना पाहिलं. ती आम्ही सगळेच ओलांडायचो. सुट्टीत गॅसच्या नळीचा एक सांधा ढिला झाला होता आणि विहीर तळापासून भरत गेली होती. वर, काठावर उभं राहिलं तर काहीच कळत नव्हतं.

मी पोचले तेव्हा सर शिडीकडे धावत होते आणि दोन वॉचमननी त्यांना कवळ घालून धरलं होतं. संपत खाली शिडीजवळ, पत्र्यांच्या पायथ्याशी आडवा होता, एका कुशीवर. सर ओरडत नव्हते. धापा टाकत एकेक सांगत होते. ब्लोअर लावा. शटर उघडा. कुणी उतरू नका. आणि कुणी उतरू नका म्हणत स्वतः शिडीकडे ओढ घेत होते. वसाहतीची अग्निशमनची गाडी आली, तोंडाला मुखवटे आणि पाठीला हवेची नळकांडी लावलेली माणसं उतरली, त्यांनी त्याला दोरानं वर घेतलं. तोवर सगळं संपलं होतं. मंदाला फोन करायचं काम माझ्याकडे आलं. ती दिवाळीची आवराआवर करत होती. मी फक्त "लवकर या" म्हणाले, तर तिनं विचारलं, "हात गेला का?" कारखान्यातल्या माणसाची बायको तेवढीच भीती धरून असते. मी पुन्हा "लवकर या" एवढंच म्हणाले, आणि तिला कळलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी आमच्या मॅनेजरनं सरांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. त्याचं म्हणणं सरळ होतं. साखळी लावलेली होती, पाटी होती, वॉचमन साक्षीदार आहे. कामगारानं नियम मोडला. सरांचं मोठं काम अजून पुढे आहे, डोंगराची परवानगी आज ना उद्या मिळेल, अशा वेळी त्यांच्या नावाला डाग नको. गेलेला माणूस तर काही परत येत नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं. चहाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी निरीक्षकासमोर सरांना विचारलं गेलं की संपत साखळी ओलांडून उतरला हे खरं का. सर म्हणाले, "खरं आहे. पण ती साखळी आम्ही सगळेच ओलांडायचो. हवा खराब असेल तर भोंगा वाजेल, या भरवशावर. तो त्याच भरवशावर उतरला. भोंगा वाजला नाही, कारण त्याची वायर मी काढायला लावली होती. संपतला ते सांगितलं नव्हतं."

मॅनेजर मध्ये पडला. सर फार थकलेत, त्यांची झोप झालेली नाही, असं काहीतरी.

"लिहून घ्या," सर निरीक्षकाला म्हणाले. "वायर मी काढायला लावली."

त्या एका जबाबामुळे संपतच्या घरच्यांना जे मिळायला हवं होतं ते मिळालं, नाहीतर कंपनीनं त्यांना वर्षानुवर्षं झुलवलं असतं. आणि त्याच जबाबामुळे सरांचं बाकी सगळं गेलं. मोठ्या प्रकल्पातून त्यांना बाजूला केलं. कंपनीचं काम काढून घेतलं. विहिरीतला नमुना गॅस कटरनं कापून भंगारात दिला, खड्डा मुरूम टाकून बुजवला. दौंडच्या कोर्टात सरांवर आणि कंपनीवर खटला उभा राहिला. मीही थोड्याच दिवसांत दुसरी नोकरी धरली.

संपतच्या तेराव्यानंतर सरांचा फोन आला. संपतच्या घरी जायचं होतं, बरोबर याल का म्हणून विचारत होते. म्हणाले, "मला तिथं बोलता यायचं नाही." चौफुल्यावरून, न्हावऱ्यावरून आम्ही गेलो.

संपतचे वडील, आबा, ओसरीवर बसले होते. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. सर जमिनीवरच बसले. आबांनी विचारलं, "तुमी करत काय व्हता तितं? माजं पोरगं कशापायी गेलं, त्ये तरी कळू द्या."

सरांनी हे हजारदा समजावून सांगितलं होतं. मंत्र्यांना, कॉलेजातल्या पोरांना, कंपनीत आलेल्या पाहुण्यांना. ते सांगताना त्यांचे डोळे लकाकायचे. त्या दिवशी त्यांनी मान खाली घालून सांगितलं. आभाळातून बारीक कण येतात. आपल्यातून निघून जातात. ते पकडायचे होते.

"आरपार जात्यात?"

"हो."

"कुणाला लागत न्हाईत?"

"नाही."

"आन् ते समजून काय करायचं व्हतं?"

मला वाटलं, आता ते सूर्याबद्दल, विश्वाबद्दल काही सांगतील. ते म्हणाले, "काही करायचं नव्हतं, आबा. मला फक्त समजून घ्यायचं होतं."

आबांनी मान दुसरीकडे वळवली.

निघताना मंदा दारात आली. तोपर्यंत ती आत होती. तिनं सरांना विचारलं, "त्यांना कळलं आसंल का वो?"

"नाही," सर लगेच म्हणाले. "एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. काही कळत नाही. झोप लागावी तसं."

पत्र्याची जाडीसुद्धा स्वतः मोजल्याशिवाय कधी न सांगणारा हा माणूस. आणि संपतचा एक हात शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीला धरलेला होता, हे आम्ही दोघांनी काठावरून पाहिलं होतं. मंदानं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. गाडीत बसल्यावर सर मला म्हणाले, "हे कुणाला सांगू नका." मी सांगितलं नाही. आता आबा राहिले नाहीत, मंदाही मुंबईकडे भावाकडे गेली, म्हणून लिहिते आहे.

त्यानंतर सर दर महिन्याला तिथं जायला लागले. बहीण म्हणायची, कशाला जखम उकरता, त्यांची आणि स्वतःची. मंदाला भेटायला आलेल्या तिच्या भावानं एकदा त्यांना वस्तीच्या तोंडाशीच अडवलं आणि चारचौघांत नको ते बोलला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. आबा त्यांच्याशी बोलत नसत. पहिलं वर्षभर पाणीसुद्धा विचारलं नाही. सर ओसरीच्या कडेला बसायचे आणि शेवटची एसटी धरून परतायचे. पुढे कधीतरी, फुलांचा हंगाम ऐन भरात असताना, आबांनी त्यांच्यासमोर एक रिकामी टोपली सरकवली. सर उठले आणि शेवंती तोडायला वाकले. त्यानंतर ते जात तेव्हा संध्याकाळपर्यंत फुलं तोडत. हे त्यांनीच मला सांगितलं, अगदी कोरडेपणानं, जणू एखादं मोजमाप सांगावं तसं.

आणि घरी ते कागदावर पुन्हा गुहा काढत होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितली नव्हती. रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन ड्रॉइंग कॉम्प्युटरवर घ्यायला मदत करायचे. तीच गुहा, तेच लोखंड, पण आता ते पत्र्यांबद्दल बोलतच नसत. जमिनीला उतार कुठं, साचलेला गॅस कुठून बाहेर काढायचा, बोगद्याला दुसरं तोंड कुठं, एवढंच. भोंग्याची वीज वेगळी, वायर वेगळी, आणि ती कुणालाही, प्रमुखालासुद्धा, काढता येणार नाही अशी भिंतीत गाडलेली. आम्ही ड्रॉइंगमध्ये उंचीचा अंदाज यावा म्हणून एखादा माणूस काढतो. सर तो माणूस प्रत्येक ड्रॉइंगमध्ये काढायला लावायचे आणि तोही सगळ्यात खालच्या, सगळ्यात अडचणीच्या कोपऱ्यात. मग विचारायचे, "इंजिनियर, हा माणूस वर कसा येतो, ते आधी दाखवा." डोंगराचं वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही.

ते सगळं काम त्यांनी प्रकल्पाच्या लोकांकडे पाठवून दिलं. पोच आली, पुढे काही नाही. तसंही तिकडे डोंगराखालच्या गावांचा विरोध होता, कोर्टकज्जे होते. तो डोंगर कुणी खणलाच नाही.

खटल्याचंही तसंच. सर प्रत्येक तारखेला जायचे. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेच्या आधी. गुन्हा कबूल आहे एवढं एक वाक्य त्यांना कोर्टात उभं राहून म्हणायचं होतं. पण आरोप ठेवायचाच दिवस उजाडत नव्हता. कधी कंपनीचा वकील मुदत मागायचा, कधी न्यायाधीश रजेवर, कधी त्यांची बदली. सर बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. ती गर्दी, ते पुकारे, ते टाइपरायटर. तिथल्या आवाजाबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

त्याच बाकावर ते गेले. दुपारी, पुकारा व्हायच्या आधी. शेजारी बसलेल्या माणसाला वाटलं, डुलकी लागली. पुढच्या तारखेला आरोपी मयत म्हणून त्यांच्यापुरतं प्रकरण बंद झालं. ते दोषी होते की नाही, हे कागदावर कुठंच नाही.

अंत्यविधीला माणसं थोडीच होती. बहीण, भाचा, रेल्वे कॉलनीतले दोन-चार म्हातारे, मी. प्रकल्पातलं कुणी आलं नाही. चिता पेटल्यावर मागे पाहिलं तर घाटाच्या भिंतीशी आबा उभे होते, एकटे, टोपी हातात घेऊन. त्यांना कुणी कळवलं, माहीत नाही. त्या वयात दोन गाड्या बदलून आले होते.

मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, बरं केलंत आबा, आलात ते. त्यांना माफ केलंत.

आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "माफ न्हाई क्येलं," ते म्हणाले. "त्ये कसं करायचं? पर संपत गेल्यावर म्हैन्याच्या म्हैन्याला दारात येणारं दुसरं कुणी न्हवतं."

मग त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि चौफुल्याची जीप कुठून सुटते ते विचारलं.